रोजच्या वाचनाचा रतीब कसा लावायचा

दुधाचा रतीब लावताना आपण तीन गोष्टी ठरवतो: कुणाकडून घ्यायचं, किती घ्यायचं आणि किती वाजता यायला हवं. घरात दीड लिटर लागत असेल तर कुणी पाच लिटर लावून घेत नाही. वाचनाच्या बाबतीत मात्र हे काहीच ठरलेलं नसतं. फोन उघडला की जे वर येईल ते वाचायचं, आणि ते कधी संपत नाही म्हणून मध्येच सोडून द्यायचं.

तंत्रज्ञान, अर्थकारण, विज्ञान आणि संस्कृती या चारही विषयांतलं रोज थोडं, पण चांगलं वाचावं असं वाटणाऱ्या नवख्या वाचकासाठी ही सगळी मांडणी आहे. एखाद्या रविवारी दीड-दोन तास बसलात की ती लागते. पुढे रोज ४० मिनिटं पुरतात. अट एकच: रोजचं वाचन त्या दिवशी संपलं पाहिजे.

आधी माप ठरवा

इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस मनातल्या मनात वाचताना मिनिटाला सरासरी २४० शब्दांच्या आसपास वाचतो. आपल्यासाठी ती भाषा शिकलेली आहे आणि विषयही नवे आहेत, त्यामुळे मिनिटाला १५० ते १८० शब्द धरा. म्हणजे २,००० शब्दांच्या लेखाला बारा-तेरा मिनिटं आणि ६०० शब्दांच्या टिपणाला साधारण चार मिनिटं लागतील. मराठीत वेग आपोआप वाढतो, पण हिशोब याच मापाने करावा. उरलेला वेळ कुणाला नको असतो?

४० मिनिटांतली पहिली १० निवडायला जातात. उरलेल्या ३० मध्ये एक लांब लेख, तीन छोटी टिपणं आणि शेवटी पाच मिनिटांची नोंद बसते. चार विषय, चार मजकूर. लांब लेखाचा मान रोज वेगळ्या विषयाला द्या: सोमवारी अर्थकारण, मंगळवारी तंत्रज्ञान, गुरुवारी संस्कृती, शनिवारी विज्ञान, असं काहीही चालेल. विज्ञान शनिवारी का, ते पुढे येईलच.

फीड वाचक बसवा

रतीब घरपोच येण्यासाठी जुनं आणि भरवशाचं साधन म्हणजे आरएसएस. संकेतस्थळ आपल्या ताज्या लेखांची यादी एका ठरलेल्या साच्याच्या फाइलमध्ये ठेवतं, तिलाच फीड म्हणतात. तुमच्या फोनवरचं फीड वाचक ॲप ती फाइल थोड्या थोड्या वेळाने तपासतं आणि नवं काय आलं ते तारखेच्या क्रमाने दाखवतं. तुम्ही कशावर किती वेळ थांबलात हे पाहून पुढचं काय दाखवायचं ते ठरवणारं कुणी मध्ये नसतं. हा साचा १९९९ मध्ये नेटस्केपने आणला आणि पॉडकास्टचे भाग आजही त्याच साच्यातून फोनवर पोहोचतात.

अँड्रॉइडवर ‘फीडर’ हे मोफत ॲप घ्या. त्याला खातं उघडावं लागत नाही. आयफोन किंवा मॅकवर ‘नेटन्यूजवायर’ चांगलं आहे. फोनवर अर्धं वाचून उरलेलं संगणकावर वाचण्याची सवय असेल, तर ‘इनोरीडर’ किंवा ‘फीडली’वर खातं उघडा. तिथे वाचलेलं-न वाचलेलं दोन्हीकडे जुळतं.

स्रोत जोडणं सोपं आहे. संकेतस्थळाचा पत्ता कॉपी करा, ॲपमध्ये अधिकच्या चिन्हावर टिचकी द्या, पत्ता चिकटवा आणि शोधा. दहापैकी सात-आठ वेळा फीड आपोआप सापडतो. नाही सापडला तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ हा शब्द लिहून पाहा. वर्डप्रेसवर आणि सबस्टॅकवर चालणाऱ्या जवळपास सगळ्या संकेतस्थळांना हे लागू पडतं. ब्लॉगरवरच्या लेखनासाठी ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन इंग्रजी शब्द याच क्रमाने, प्रत्येकाआधी तिरकी रेघ देऊन लिहावे लागतात. यूट्यूबवरच्या वाहिनीचा पत्ताही बहुतेक वाचक ॲप ओळखतात.

आता बिघाडांविषयी, कारण नवखे लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

लेखाचा पहिलाच परिच्छेद दिसतो आणि पुढे काही नाही, ही सगळ्यांत मोठी तक्रार. प्रकाशकाने फीडमध्ये तेवढंच द्यायचं ठरवलेलं असतं. ॲपचा दोष नसतो. पूर्ण मजकूर आणण्याची सोय फीडरमध्ये आणि इतरही काही ॲपमध्ये असते, ती त्या स्रोतापुरती चालू करा. लेख वर्गणीच्या कुंपणाआड असेल तर ही सोय चालत नाही.

दुसरी तक्रार: दिवसभर नवं काही येतच नाही, ॲप उघडल्यावर एकदम ढीग येतो. अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप झोपवतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन बंधन काढा. खरं म्हणजे सकाळी एकदाच वाचणार असाल तर याची गरजही नाही. ॲप उघडून एकदा खाली ओढलं की झालं.

एकच बातमी दोनदा येत असेल, तर एखाद्या वृत्तपत्राचा मुख्य फीड आणि विभागाचा फीड असे दोन्ही जोडले गेलेले असतात. मुख्य काढून टाका, विभागाचा ठेवा. जुन्या मराठी संकेतस्थळांवरून रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता आला, तर तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे असं समजा. त्यावर वाचकाच्या बाजूने इलाज नाही, मूळ पानावर जाऊनच वाचावं लागतं.

सगळं बसलं की लगेच करायचं एक काम म्हणजे यादीची प्रत. सेटिंगमध्ये ‘ओपीएमएल’ निर्यात करण्याची सोय असते. त्या छोट्याशा फाइलमध्ये तुमच्या सर्व स्रोतांचे पत्ते असतात आणि कोणतंही दुसरं ॲप ती उघडू शकतं. जगभर वापरला जाणारा गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. लेख नंतर वाचण्यासाठी साठवून ठेवणारं पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झालं. ज्यांनी यादी वेळीच उतरवून घेतली होती, त्यांना दुसरीकडे बस्तान हलवायला काही मिनिटं लागली. ही फाइल स्वतःला मेलने पाठवून ठेवा.

कप्पे विषयांचे करू नका

जवळजवळ प्रत्येक नवा वाचक तंत्रज्ञान, अर्थकारण, विज्ञान, संस्कृती असे चार कप्पे करतो. दिसायला हे नीटनेटकं असतं, पण आठवडाभरात कोलमडतं. एखादं वृत्तसंकेतस्थळ दिवसाला शंभरावर मजकूर टाकतं, आणि महिन्यातून एकदाच लिहिणारा पण अप्रतिम लिहिणारा माणूस त्याच कप्प्यात तळाला जातो. तो लिहितो हेच मग आपण विसरतो.

कप्पे वारंवारतेनुसार करा: ‘क्वचित’, ‘आठवड्याचे’ आणि ‘रोजचे’. उघडण्याचा क्रमही हाच ठेवा. क्वचित येणारं आधी पाहायचं, कारण तिथे एखादाच मजकूर असतो आणि तो बहुधा सगळ्यांत जास्त कष्टाने लिहिलेला असतो. रोजच्या कप्प्यात पोहोचेपर्यंत दोन-तीन लेख निवडून झालेले असतात, त्यामुळे तिथली गर्दी अंगावर येत नाही. न वाचलेल्यांचा लाल आकडा मात्र पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये बंद करा. तो आकडा तुमचं देणं नाही.

ईमेलने येणारी वार्तापत्रं कामाच्या मेलमध्ये मिसळू देऊ नका. जीमेलमध्ये याची सोय आहे. तुमच्या पत्त्यातल्या नावानंतर, ‘ॲट’च्या चिन्हाआधी, अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द, समजा ‘वाचन’, जोडून तो पत्ता वर्गणीसाठी द्या. मेल तुमच्याच खात्यात येतो. मग त्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल इनबॉक्स टाळून ‘वाचन’ या लेबलखाली जावा असा फिल्टर लावा. काही संकेतस्थळं अधिकचं चिन्ह असलेला पत्ता स्वीकारत नाहीत. तिथे पाठवणाऱ्याच्या नावावरून फिल्टर लावावा.

बारा स्रोत, जास्त नाहीत

प्रत्येक विषयाचे तीन. यादी शेवटी तुमचीच असेल, पण सुरुवातीला काहीतरी हाताशी लागतं, म्हणून ही नावं.

तंत्रज्ञानात ‘आर्स टेक्निका’ १९९८ पासून सविस्तर लिहितं आहे. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ भारत, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इथे तंत्रज्ञान लोकांच्या हातात पडल्यावर काय होतं ते दाखवतं. भारतातले डिजिटल कायदे आणि धोरणं यांसाठी ‘मीडियानामा’ आहे.

अर्थकारणात ‘फिनशॉट्स’ रोज एकच विषय घेऊन तीन मिनिटांत सोप्या इंग्रजीत समजावतं; नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. ‘लोकसत्ता’ची सोमवारची ‘अर्थवृत्तान्त’ पुरवणी मराठी परिभाषा कानावर पडण्यासाठी उपयोगी. तिसरा स्रोत रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं. ती रोज वाचायची नाहीत, पण फीडमध्ये असू द्या. बातमीचं मूळ शोधायला ती लागतात.

विज्ञानासाठी सायमन्स फाउंडेशनच्या निधीवर चालणारं ‘क्वांटा’ पूर्ण मोफत आहे. गणित आणि भौतिकशास्त्रावर इतक्या संयमाने लिहिणारे फार थोडे. ‘नेचर ब्रीफिंग’ हे मोफत वार्तापत्र कामाच्या दिवशी येतं. आणि ‘रिसर्च मॅटर्स’ भारतीय संस्थांतल्या संशोधनावर लिहितं, त्यातले बरेच लेख मराठीतही असतात. छापील हवं असेल तर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे.

संस्कृतीसाठी ‘पारी’, म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं संग्रहस्थळ; त्यावर मराठी मजकूर भरपूर आहे. ‘साधना’ साप्ताहिक साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. तिसरं ‘जेस्टोर डेली’. त्यातल्या प्रत्येक लेखाखाली ज्या संशोधन निबंधांचा आधार घेतला ते मोफत उघडतात, आणि हीच त्याची मोठी देणगी.

वर्गणीचे स्रोत पहिले तीन महिने घेऊच नका. आपण काय खरोखर वाचतो हे तोवर कळत नाही. एखादा शोधनिबंध कुंपणाआड असेल तर ब्राउझरला ‘अनपेवॉल’ जोडा. लेखकाने किंवा विद्यापीठाने कायदेशीरपणे खुली ठेवलेली प्रत असेल तर ते दाखवतं.

सकाळची निवड

दहा मिनिटांचं घड्याळ लावा. या वेळेत काहीही वाचायचं नाही, फक्त शीर्षकं आणि पहिली ओळ. प्रत्येक मजकुराला तीनच वाटा: आज, नंतर किंवा सोडा. ‘आज’मध्ये चार जमले की निवड थांबवा आणि उरलेल्या सगळ्यावर ‘सर्व वाचले’ असं बटण दाबा. सुरुवातीला हे दाबताना हात अडखळतो. काहीतरी महत्त्वाचं निसटेल अशी भीती असते. जे खरंच महत्त्वाचं असतं ते आठवडाभरात दुसऱ्या कुणाच्या लेखातून परत येतंच.

‘नंतर’च्या यादीला १५ ची मर्यादा घाला. सोळावा ठेवायचा असेल तर आधीचा एक काढा. तिथे पंधरा दिवस पडून राहिलेला लेख न वाचताच काढून टाकावा. न वाचलेल्या लेखांचा साठा वाढत गेला की माणूस ॲप उघडायचंच टाळतो, आणि इतका खटाटोप करून लावलेला रतीब तिथेच बंद पडतो.

विज्ञानाची बातमी: कधी वाचावी, कशी तपासावी

‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या शोधनिबंधांची बातमी ठरल्या वेळेआधी देण्यावरची बंदी बहुधा बुधवारी लंडनच्या दुपारी ४ वाजता उठते. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात रात्रीचे ९.३० आणि त्यांच्या उन्हाळ्यात ८.३० झालेले असतात. ‘सायन्स’ची बंदी गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी २ वाजता उठते, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या आगेमागे. पत्रकारांना निबंध काही दिवस आधीच दिलेले असतात, त्यामुळे त्या क्षणी सगळीकडे एकच बातमी एकाच सुरात झळकते. दोन दिवस थांबलात तर त्या संशोधनाशी संबंध नसलेल्या शास्त्रज्ञांच्या सविस्तर प्रतिक्रियाही वाचायला मिळतात. म्हणून विज्ञानाचा लांब लेख शनिवारी.

वाचताना पहिला प्रश्न: हे कुठे प्रसिद्ध झालं आहे? ‘अर्काइव्ह’ हा १९९१ मध्ये सुरू झालेला खुला साठा आहे. तिथे निबंध ठेवण्याआधी तज्ज्ञांकडून परीक्षण होत नाही. तिथलं सगळं कच्चं असतं असं अजिबात नाही, पण ते अजून तपासलं जायचं आहे हे लक्षात ठेवून वाचावं. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने तिथे ‘एलके-९९’ या पदार्थावरचा निबंध ठेवला. साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला तो अतिवाहक आहे, म्हणजे विजेला अजिबात रोध करत नाही, असा दावा होता. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली. काही आठवड्यांतच इतर प्रयोगशाळांनी दाखवलं की विद्युतरोधातली ती अचानक घट नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती. शुद्ध स्फटिक तर विद्युतरोधकच निघाला. त्या काळात जुलैचे लेख वाचून थांबलेल्यांच्या डोक्यात आजही अर्धीच गोष्ट असेल. कच्च्या निबंधावरचा लेख वाचलात की दोन महिन्यांनंतरची तारीख टाकून स्वतःला आठवण लावा आणि पुढे काय झालं ते शोधा.

दुसरा प्रश्न: किती जणांवर प्रयोग झाला आणि किती गोष्टी मोजल्या? २०१५ मध्ये विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी हे मुद्दाम करून दाखवलं. चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं असा खरा पण तकलादू प्रयोग करून त्यांनी निबंध छापून आणला आणि अनेक देशांतल्या माध्यमांनी तो उचलला. प्रयोगात शेवटपर्यंत राहिलेली माणसं १५ होती आणि मोजलेल्या गोष्टी १८. प्रत्येक मोजणीत निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निकाल येण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर १८ पैकी निदान एकीत तो येण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते. माणसं थोडी आणि मोजण्या पुष्कळ, असं दिसलं की लेख तिथेच ठेवून द्यावा.

तिसरा प्रश्न आरोग्याच्या बातम्यांसाठी: ‘इतक्या टक्क्यांनी धोका वाढतो’ तो कशाच्या तुलनेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना तो होतो. त्यात १८ टक्क्यांची वाढ म्हणजे १०० पैकी जवळपास ६. धोका वाढला हे खरंच आहे, पण १०० पैकी आणखी १८ जणांना नव्हे. त्याच वेळी हे मांस तंबाखूच्याच गटात टाकल्याने गोंधळ उडाला. ते गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. पदार्थ किती घातक आहे ते सांगत नाहीत.

उंदरांवर झालेला प्रयोग शीर्षकात माणसांचा होतो, हेही नेहमीचं. लेखात ‘उंदीर’ हा शब्द कितव्या परिच्छेदात येतो ते पाहा. सहाव्यात आला तर लेखकाने तो मागे ढकलला आहे.

अर्थकारणातले आकडे

इथे सर्वांत जास्त चुका भाषेच्या असतात. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी म्हणजेच अब्ज, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

टक्के कशाचे तेही पाहायला हवं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० वरून ६.२५ झाला तर कपात २५ बेसिस पॉइंटची, म्हणजे पाव टक्क्याची असते. हा दर ठरवणारी पतधोरण समिती सहा सदस्यांची आहे आणि साधारण दोन महिन्यांनी बसते. निर्णयाच्या दिवशीच्या बातम्यांपेक्षा चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होणारं इतिवृत्त जास्त वाचनीय असतं: कोणी काय म्हणत मत दिलं ते त्यात नावानिशी असतं. महागाईचे आकडे दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास येतात. ‘महागाई घटली’ याचा अर्थ किमती उतरल्या असा लावू नका. बहुतेक वेळा वाढण्याचा वेग कमी झालेला असतो.

कंपन्यांच्या निकालात तुलना कोणत्या काळाशी केली आहे ते बघा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात. दसरा-दिवाळीची विक्री ज्या तिमाहीत येते तिची तुलना आधीच्या तिमाहीशी केली तर दुकानदारी करणारी कोणतीही कंपनी चमकदार दिसते. गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना हवी, आणि गेल्या वर्षी दसरा त्याच तिमाहीत आला होता का तेही पाहावं.

नवउद्योगांचं मूल्यांकनही असंच फसवतं. गुंतवणूकदाराने १०० कोटी देऊन १० टक्के हिस्सा घेतला तर कंपनी ‘१,००० कोटींची’ झाली असं छापून येतं. तिच्या हातात आलेले असतात १०० कोटी.

तंत्रज्ञानाची टिपणं पटकन वाचता येतात, कारण त्यातला मोठा भाग प्रसिद्धिपत्रकातून आलेला असतो. क्रियापद तपासा: ‘जाहीर केलं’, ‘दाखवलं’, ‘निवडक लोकांना दिलं’ आणि ‘विक्रीला आणलं’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यात कधीकधी वर्षं जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षमतेचा आकडा दिसला तर तो कुणी मोजला ते शोधा. बनवणाऱ्यानेच मोजला असेल तर बाहेरच्या कुणी मोजेपर्यंत तो कंपनीचा दावाच असतो.

संस्कृतीचं वाचन रात्री

इथे घाई नको आणि निवडीचं घड्याळही नको. बाकी तीन विषयांतला मजकूर शिळा होतो; हा होत नाही. १८६७ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी सुरू केलेल्या मासिकाचं नावच ‘विविधज्ञानविस्तार’ होतं आणि ते १९३७ पर्यंत चाललं. म्हणजे चार विषयांचं मिश्र वाचन मराठी वाचकाने दीडशे वर्षांपूर्वीच घरी आणलं होतं. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून सुरू झालेली परंपरा तर आजही आपल्याकडचं सगळ्यांत मोठं दीर्घलेखांचं भांडार आहे. दिवाळीत चार अंक विकत घ्या, अनुक्रमणिकेत लेखांवर खुणा करा आणि आठवड्याला एक या हिशोबाने वर्षभर पुरवा. कथा-कविता सोडून केवळ लेख घेतले तरी ५० सहज निघतात. दिवाळी संपल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि रद्दीवाल्यांकडे हेच अंक निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

शब्द अडला तर

यांत्रिक भाषांतरावर लांब लेख वाचू नका. बॅटरीवरच्या लेखात सेलची ‘पेशी’ होते आणि शेअर बाजारातला ‘बेअर’ अस्वल होऊन फिरतो. हे निदान हसण्यावारी जातं. खरा धोका ‘कदाचित’, ‘शक्य आहे’, ‘असं दिसतं’ या शब्दांचा. ते गळाले की संशोधकाने जपून केलेलं विधान ठाम होऊन जातं. एकेक शब्द किंवा वाक्य पाहायला भाषांतर ठीक आहे.

संकल्पनेसाठी मराठी विश्वकोश उघडा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे आणि सर्व खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. जुन्या नोंदींत आकडेवारी मागे पडलेली असते. मूलभूत कल्पना मात्र जितक्या नेटक्या मराठीत तिथे मिळतात तितक्या क्वचित इतरत्र. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर शोधता येतात.

शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक मजकुराची एकेक ओळ लिहा: तारीख, स्रोत आणि लेखाचं म्हणणं, तुमच्या मराठीत. ‘चांगला लेख’ ही नोंद नव्हे. ‘रेपो कपात झाली तरी जुन्या ठरावीक व्याजाच्या कर्जाचा हप्ता बदलत नाही’ ही नोंद. ओळ लिहिता आली नाही तर लेख कळलेला नाही. उद्या छोटं काही सोडून तोच परत घ्या.

महिन्याची झाडाझडती

पहिल्या रविवारी वही समोर ठेवा आणि महिन्याभरात कोणत्या स्रोताच्या किती नोंदी झाल्या ते मोजा. ज्याची एकही नाही तो काढा, तो कितीही नावाजलेला असो. जो महिनाभर गप्प आहे त्याच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा. मांडणी बदलली की फीडचा पत्ता बदलतो आणि ॲप काही सांगत नाही. नवे स्रोत जास्तीत जास्त दोन घ्या, तेही जुने काढून, आणि ते शक्यतो तुम्हाला आवडलेल्या लेखात ज्यांचा उल्लेख होता त्यांच्यातून निवडा. यादी बदलली की ओपीएमएल फाइल पुन्हा उतरवा आणि जुनी पुसून टाका.